हरताळ, तेल आणि भाताचे पाणी

जुनी कागदी पोथी चाळताना मधूनच एखाद्या ओळीवर पिवळा डाग दिसतो. नक्कल करणारा लेखनिक चुकला, अक्षर दोनदा पडले किंवा कानाच राहिला, की तो हरताळ बारीक खलायचा, डिंकाच्या पाण्यात कालवायचा आणि कुंचल्याने त्या अक्षरावर फासायचा. वाळले की त्याच जागी दुरुस्त अक्षर लिहायचे. पान उजेडात तिरपे धरले तर पिवळ्या थराखालचे चुकलेले अक्षर अजूनही ओळखू येते. काही पोथ्यांचा अख्खा कागदच हरताळाने रंगवलेला असतो. त्याला कसर लागत नाही, कारण कसरीला तो खाववत नाही. हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचे खनिज. ‘नियमांना हरताळ फासला’ असे आपण वर्तमानपत्रात रोज वाचतो तो हाच हरताळ. संपाचा हरताळ वेगळा, तो गुजरातीतून आला.

तंजावरच्या प्रश्नाला, म्हणजे तिथल्या तेलविहिरी आणि पाण्यातले आर्सेनिक यांच्या प्रश्नाला, पोथीपासून हात घालायला कारण आहे. तिथले लोक तंजावूर म्हणतात, आपण तंजावर. दीडशेहून अधिक वर्षे तिथे भोसल्यांची गादी होती. सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांच्या थप्प्या आहेत, आणि बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर 1803 साली मराठीत कोरलेला भोसले वंशाचा इतिहास आहे. आर्सेनिकही त्या गावाला नवे नाही. पॅट्रिक रसेल या स्कॉटिश वैद्याने 1796 साली कोरोमंडल किनाऱ्यावरच्या सापांवर मोठा ग्रंथ छापला. त्यात सर्पदंशावरच्या ‘तंजावर गोळी’ची चर्चा आहे. गोळीतले मुख्य द्रव्य होते पांढरा सोमल, म्हणजे आर्सेनिकच. तेव्हा गादीवर अमरसिंह होते. त्यांच्यानंतर आलेल्या सरफोजी राजांनी धन्वंतरी महाल काढून वैद्यकाचे प्रयोग नोंदवून ठेवले. सिद्ध परंपरेचे वैद्य आर्सेनिकला पाषाण म्हणतात आणि शोधन केल्याशिवाय वापरत नाहीत. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हरताळ आणि सोमल यांत मूलद्रव्य एकच, पण हरताळ पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि सोमल विरघळतो. पोथीवरचा हरताळ दोनशे वर्षे गपगुमान पडून राहतो, तर सोमलाची चिमूट माणूस मारते. आर्सेनिक किती आहे याइतकाच ते कोणत्या रूपात आहे आणि कुलूपबंद आहे की मोकळे, हा प्रश्न मोठा आहे. पुढच्या पानांवरचा सगळा विषय या एका वाक्यावर उभा आहे.

आता तेलाकडे वळू. कावेरी खोऱ्यात तेलाचा शोध 1950 च्या दशकाअखेरीस सुरू झाला. व्यापारी म्हणावे असे तेल 1980 च्या दशकात नरिमनमला लागले, आणि 1993 साली तिथे छोटा तेलशुद्धीकरण कारखाना उभा राहिला. मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे तेल म्हटले की 1974 चे बॉम्बे हाय येते, समुद्रातला सागरसम्राट येतो, उरणची चिमणी येते. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातले चित्र तसे नाही. इथे विहीर भातशेताच्या मधोमध असते. बांधावरून चालत जावे तर हिरव्या लोंब्यांमधून अचानक तारेचे कुंपण, मुरूम टाकलेला चौक आणि त्यात माणसाच्या उंचीचे, झडपांनी भरलेले लोखंडी झाड. तेलवाले त्याला खरोखर ‘ख्रिसमस ट्री’ म्हणतात. तिथून निघणारा पाइप शेताखालून गावाकडे आणि गावाखालून गॅस गोळा करणाऱ्या केंद्राकडे जातो.

कुंभकोणम आणि मयिलाडुदुरै यांच्या दरम्यान तंजावर जिल्ह्यात कदिरामंगलम नावाचे गाव आहे. 2017 च्या 30 जूनला तिथे ओएनजीसीच्या पाइपमधून तेल शेतात आले. गाव आधीच तापलेले होते. विहिरीच्या दुरुस्तीच्या कामावरून महिनाभर गावात पोलीस बसले होते. गळती झाली तसे लोक जमले, कोणी गवत पेटवले, लाठीमार झाला आणि मीथेनविरोधी संघटनेचे नेते प्राध्यापक जयरामन यांच्यासह दहा जणांना अटक झाली. पुढे कित्येक महिने गावात आंदोलन चालले. शेजारच्या पुदुकोट्टै जिल्ह्यातल्या नेडुवासलचे धरणे त्याच वर्षी फेब्रुवारीत सुरू झाले होते. त्याआधी मन्नारगुडीच्या मीथेन प्रकल्पाविरुद्ध नम्माळ्वार गावोगाव फिरले होते. नैसर्गिक शेतीचे ते बुजुर्ग 2013 च्या डिसेंबरात पट्टुकोट्टैजवळच्या अत्तिवेट्टी गावी, मोहिमेवर असतानाच गेले.

कदिरामंगलमच्या बायका घागरीतले पिवळसर पाणी पत्रकारांना दाखवत होत्या. आमच्या विहिरींमुळे हे झाले नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. तिचा युक्तिवाद थोडक्यात असा: तेल जमिनीखाली किलोमीटरच्या हिशेबात खोल आहे, पिण्याचे पाणी वरच्या थरात आहे, आणि मधल्या भागात पोलादी नळी आणि सिमेंटचा वेढा आहे. युक्तिवाद पोकळ नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. पण त्या दिवशी शेतात आलेले तेल काही किलोमीटर खोलीवरून फट शोधत वर आले नव्हते. ते जमिनीच्या कातड्याखालच्या पाइपातून आले होते. पोलाद आणि सिमेंटचा वेढा विहिरीला असतो. पाइपाला असते ती चिखलातली, वर्षातले निम्मे महिने ओली राहणारी शेतजमीन.

या भांडणात ‘आर्सेनिक’ हा शब्द उशिरा आला, आणि आला तेव्हाही घोषणेसारखा आला. मला तो घोषणेतून काढून हिशेबात आणायचा आहे.

तेलविहिरीतून आर्सेनिक बाहेर पडण्याच्या वाटा अनेक आहेत, आणि सगळ्यांना सारखे वजन देण्याचे कारण नाही. पहिली वाट इतिहासजमा आहे. 1932 साली अमेरिकेत मिशिगनला चुनखडीतल्या विहिरीत आम्ल ओतून तेल मोकळे केले. त्या आम्लाने पोलाद खाऊ नये म्हणून त्यात आर्सेनिकचे संयुग घातले होते. पुढे त्याची जागा दुसऱ्या रसायनांनी घेतली. दुसरी वाट खोदकामाच्या चिखलाची. विहीर खणताना आतला दाब पेलण्यासाठी चिखल जड करावा लागतो, आणि त्यासाठी बराइटची भुकटी घालतात. आंध्रातल्या मंगमपेटला बराइटची जगप्रसिद्ध खाण आहे. बराइटबरोबर पारा, कॅडमियम, आर्सेनिक अशी मंडळी खाणीखाणीप्रमाणे कमीजास्त येतात. अमेरिकेने 1993 मध्ये समुद्रातल्या विहिरींसाठी त्यातल्या पाऱ्यावर आणि कॅडमियमवर मर्यादा घातली. तिसरी वाट म्हणजे तेलाबरोबर वर येणारे खारे पाणी. तेलवाले त्याला फॉर्मेशन वॉटर म्हणतात. ते समुद्रापेक्षाही खारे असू शकते, त्यात बेरियम असते, कुठे रेडियम, कुठे आर्सेनिक. ते पुन्हा खोल जिरवले तर प्रश्न उरत नाही. खड्ड्यात साठवले आणि खड्ड्याचे प्लास्टिक फाटले, तर उरतो. विहीर तरुण असते तेव्हा तेल जास्त आणि पाणी कमी निघते. म्हातारी झाली की उलट होते.

खुद्द तेलातही आर्सेनिक असते. ही गोष्ट शेतकऱ्याला ठाऊक नसली तरी रिफायनरीला पुरती ठाऊक असते. नॅफ्थापासून चांगले पेट्रोल करताना प्लॅटिनमचा उत्प्रेरक लागतो, आणि तो आर्सेनिकने कायमचा मरतो. म्हणून नॅफ्थातले आर्सेनिक अब्जात एखादा भाग इथपर्यंत मोजून काढून टाकतात. नैसर्गिक वायूतही काही क्षेत्रांत ट्रायमिथाइल आर्सीन नावाचे संयुग निघाले आहे आणि त्याने नळ्यांच्या झडपा चोंदल्या आहेत. म्हणजे यंत्राला त्रास झाला की आर्सेनिक मोजायची विद्या, पैसा आणि शिस्त सगळे हजर होते. ज्या बारकाईने प्लॅटिनमची काळजी घेतली जाते, त्याच बारकाईने शेजारच्या हातपंपाची घ्या, एवढेच मागणे आहे. त्यासाठी नवी विद्या शोधावी लागणार नाही.

पण तंजावरच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची वाट अजून सांगितलेली नाही. तिच्यात तेलातले आर्सेनिक लागतच नाही.

अमेरिकेत मिनेसोटा राज्यात बेमिजी नावाच्या गावाजवळ 20 ऑगस्ट 1979 रोजी तेलाचा पाइप फुटला आणि सुमारे 17 लाख लिटर तेल जमिनीत गेले. बरेचसे उपसून काढले. उरलेले वाळूत जिरून भूजलावर तरंगत राहिले. तिथल्या भूगर्भ सर्वेक्षण विभागाने 1983 पासून ती जागा प्रयोगशाळा म्हणून राखली आणि वर्षानुवर्षे पाणी काढून तपासले. सुरुवातीची बातमी आनंदाची होती. जमिनीतले जिवाणू तेल खात होते, निसर्ग आपणच सफाई करत होता. त्यानंतर कोणाला तरी पाण्यातले आर्सेनिक मोजावेसे वाटले. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आकडा निघाला लिटरला 230 मायक्रोग्रॅमपर्यंत. पिण्याच्या पाण्याची मर्यादा तिथे 10 आहे, भारतीय मानकातही 10 च.

हे आर्सेनिक तेलातले नव्हते. ते तिथल्या वाळूत हजारो वर्षे पडून होते, लोहाच्या गंजाला चिकटलेले, पोथीवरच्या हरताळासारखे निरुपद्रवी. जिवाणूंना तेल खायला मिळाले तसा त्यांनी आधी पाण्यातला प्राणवायू संपवला. प्राणवायू संपल्यावर श्वासासाठी ते गंजाकडे वळले. गंज विरघळला, लोह पाण्यात उतरले आणि त्याला चिकटून बसलेले आर्सेनिक मोकळे झाले. कुलूप कुठल्या आर्सेनिकवाल्याने उघडले नाही. उघडले ते तेलाने दिलेल्या जेवणाने. साध्या मातीतही किलोला पाच-दहा मिलिग्रॅम आर्सेनिक असतेच. ती माती कावेरीची असो की गोदावरीची.

म्हणून घागरीतल्या पिवळ्या पाण्याकडे मी नीट पाहतो. पंपातून येताना पाणी स्वच्छ असते आणि घागरीत तासभर राहिले की तांबूस-पिवळे होते, तेव्हा तो पिवळेपणा बहुधा लोहाचा असतो. आर्सेनिकला ना रंग, ना वास, ना चव. पिवळे पाणी हा आर्सेनिकचा पुरावा नव्हे. पण ज्या क्रियेने लोह पाण्यात उतरते तीच क्रिया आर्सेनिकलाही सोडू शकते, म्हणून त्या घागरीची तपासणी टाळायलाही कारण नाही. दुसरीकडे, तोच पिवळेपणा तेलाविनाही येतो. तुडुंब भरलेल्या भातखाचरात कुजणारी मुळे आणि पेंढा जिवाणूंना तेलासारखेच खाद्य पुरवतात. बंगालमध्ये एकही तेलविहीर नसताना, गंगेच्या गाळातले आर्सेनिक याच रीतीने पाण्यात उतरले. कलकत्त्याचे त्वचारोगतज्ज्ञ के. सी. साहा यांनी 1983 च्या सुमारास तळहातांवरचे चट्टे आणि कडक गाठी ओळखल्या तेव्हा ते जगापुढे आले. तेव्हा तेलविहिरीशेजारच्या हातपंपात आर्सेनिक निघाले म्हणजे गुन्हेगार सापडला, असे म्हणणाऱ्याशी मी सहमत नाही. आणि भाताच्या प्रदेशात हे चालायचेच म्हणून हात झटकणाऱ्याशी तर मुळीच नाही.

भाताचा प्रश्न इथेच येऊन मिळतो. पिकांमध्ये भाताइतके आर्सेनिक ओढणारे पीक क्वचितच. भाताला आपली पाने आणि तूस ताठ करायला सिलिका भरपूर लागते, म्हणून मुळांत सिलिका आत घेणारी खास दारे असतात. पाण्याखालच्या, प्राणवायू नसलेल्या मातीत आर्सेनिक ज्या रूपात असते ते या दारांना सिलिकासारखेच भासते. हे दार जपानी संशोधकांनी 2008 मध्ये दाखवून दिले. 2014 साली आंतरराष्ट्रीय अन्नमानकाने सडीक तांदळातल्या अकार्बनी आर्सेनिकवर किलोला 0.2 मिलिग्रॅमची मर्यादा घातली. यावरचा उपायही शेतातलाच आहे: खाचर सतत भरलेले न ठेवता मधून मधून वाळू द्यायचे. ज्या तिरुविडैमरुदूर तालुक्यात कदिरामंगलम आहे, त्याच तालुक्यात आडुतुरैला भात संशोधन केंद्र आहे. तेलाचा पाइप आणि भाताची प्रयोगशाळा एकाच तालुक्यात असण्याची सोय सगळीकडे नसते. तिचा उपयोग करून घ्यावा.

पाणी नदीचे की जमिनीतले, यानेही फरक पडतो. कावेरीवरच्या मेट्टूर धरणाचे दरवाजे रिवाजाने 12 जूनला उघडतात आणि कुरुवै भाताचे पीक उभे राहते. 2012 पासून आठ वर्षे ती तारीख पाळता आली नाही. 2020 मध्ये पुन्हा पाळली गेली. मधल्या वर्षांत ज्यांच्याकडे बोअर होती त्यांचे भात बोअरवर पिकले. भूजलात काय आहे हा प्रश्न त्या वर्षांत फक्त घागरीपुरता राहत नाही, ताटापर्यंत पोहोचतो.

तपासणी कशी करतात ते थोडे जवळून पाहू, कारण सगळा घोटाळा तिथेच होतो. गावात येणारे किट साधे असते. बाटलीत पाणी घ्यायचे, त्यात आम्ल आणि जस्ताची भुकटी टाकायची, झाकणात मर्क्युरिक ब्रोमाइड लावलेली कागदाची पट्टी अडकवायची आणि थांबायचे. पाण्यात आर्सेनिक असेल तर त्याचा वायू होऊन वर येतो आणि पट्टी पांढऱ्याची पिवळी, जास्त असेल तर तपकिरी होते. 1836 मध्ये जेम्स मार्शने विषप्रयोगाच्या खटल्यांसाठी शोधलेल्या पद्धतीची ही नात. गंमत म्हणजे इथेही खूण पिवळीच. पण 10 मायक्रोग्रॅमच्या आसपास पट्टीवर विसंबता येत नाही. पिवळा किती पिवळा, यावर दोन माणसांचे एकमत होत नाही. मग नमुना प्रयोगशाळेत पाठवतात, आणि खरी गफलत इथे होते. कोणी तरी कोल्ड्रिंकची रिकामी बाटली विसळतो, पंपाचे पाणी भरतो आणि आठवड्याने पाठवतो. तोवर पाण्यातले लोह हवा लागून गंजते, बाटलीच्या तळाशी बसते आणि जाताना आर्सेनिकला बरोबर घेऊन जाते. प्रयोगशाळा वरचे स्वच्छ पाणी तपासते. रिपोर्ट येतो: सर्व काही ठीक. रिपोर्ट खोटा नसतो आणि प्रयोगशाळाही लबाड नसते. आर्सेनिक तळाशी गंजात बसलेले असते, त्याच्याकडे कोणी पाहिलेले नसते. म्हणून पंप आधी बराच वेळ चालवायचा, पाणी गाळून घ्यायचे, त्याच क्षणी नायट्रिक आम्लाचे काही थेंब टाकायचे, आणि बाटलीवर तारीख, बोअरची खोली, तेलविहिरीपासूनचे अंतर आणि दिशा लिहायची. आर्सेनिकबरोबर लोह, बेरियम, क्लोराइड आणि ब्रोमाइडही मोजून घ्यायचे. खाऱ्या पाण्याची जोडी वेगळी, भातखाचराची वेगळी. गुन्हेगार ओळखू येतो तो असा, सोबत्यांवरून.

सगळ्यात मोलाचा आकडा मात्र यातला कुठलाच नाही. तो आहे खोदकामाच्या आधीचा आकडा. विहीर पडण्यापूर्वी आजूबाजूच्या दहा हातपंपांत काय होते, हे कागदावर असते तर कदिरामंगलमचा वाद अर्ध्या दिवसात मिटला असता, मग निकाल कोणाच्याही बाजूने लागो. तो आकडा नसला की दोन्ही बाजूंकडे फक्त आवाज उरतो, आणि आवाज मोठा कोणाचा हे ठरवायला पोलीस येतात. केंद्र सरकारने 16 जानेवारी 2020 रोजी तेल आणि वायूच्या शोधासाठी खणायच्या विहिरींना जनसुनावणीतून वगळले. शेतकऱ्याने उठून ‘माझ्या पंपाचे पाणी आधी मोजा’ असे म्हणण्याची जी जागा होती, तीही त्या दिवशी गेली. हा निर्णय मला चुकीचा वाटतो. जनसुनावणीत शास्त्र कमी आणि आरडाओरडा जास्त असतो, हे मान्य करूनही वाटतो.

त्यानंतर पाच आठवड्यांनी, 20 फेब्रुवारी 2020 रोजी, तमिळनाडू विधानसभेने संरक्षित कृषी क्षेत्राचा कायदा केला. तंजावर, तिरुवारूर, नागपट्टिणम हे जिल्हे आणि कडलूर व पुदुकोट्टैचे काही भाग त्यात आले. या प्रदेशात तेल, वायू, मीथेन यांचा नवा शोध, खोदकाम आणि उपसा बंद झाला. तांब्याचे आणि जस्ताचे स्मेल्टर, कातडी कमावण्याचे कारखानेही. तो आंदोलनाचा विजय होता आणि लोकांनी तो साजरा केला तो योग्यच.

पुढची पाने वाचताना वाचकाने एवढे लक्षात ठेवावे, की तो कायदा नव्या विहिरींचा आहे. आधीपासून चालू असलेल्या कामांना त्याने हात लावलेला नाही. शेतातले जुने लोखंडी झाड आणि त्याच्या पायथ्यापासून भाताखालून जाणारा पाइप आजही तिथेच आहेत, आणि जुन्या विहिरीतून दर वर्षी तेल थोडे कमी आणि पाणी थोडे जास्त निघते.